ज्वारीचे चार दाणे

मी सहसा कशाने भारावून जाणारी बाई नाही. महापालिकेच्या शाळेत वीस वर्षं काढली की माणूस भारावत नाही, वैतागतो. कुठल्याशा उद्घाटनाला फीत कापायला कात्री मिळेना म्हणून माझी शिवणकामाची कात्री नेली आणि ती परत आली नाही, असलंच माझ्या लक्षात राहतं. तरीही मागच्या वर्षी पलसाण्याच्या रस्त्यावरच्या एका स्वयंपाकघरात मी अशी उभी राहिले की दहा मिनिटं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांचा आधी यावरच विश्वास बसत नाही.

आमची शाळा डिंडोलीत, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या घरांतली. बाप लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्यासमोर मराठी, तीही मी डोळे वटारले तर. माझे वडील बँकेच्या बदलीने साताऱ्याहून सुरतेला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यामुळे मुलांची अहिराणी मला समजते, पण बोलायला गेले की वर्ग हसतो.

मध्यान्ह भोजनाचं काम शाळेत माझ्याकडे आहे. सकाळी हजेरी झाली की किती मुलं आली ते फोनवरून कळवायचं, दुपारी टेम्पो आला की डबे उतरवून घ्यायचे, मुलांच्या आधी स्वतः एक घास खाऊन बघायचा आणि सही करायची. जेवण येतं ते पलसाण्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या स्वयंपाकघरातून. तिथून शहरभरच्या शाळांना जातं. धान्य सरकारचं, स्वयंपाकघर चालवते एक सेवाभावी संस्था, टेम्पो हजीऱ्याकडच्या कुठल्या कारखान्याने दिलेले आणि यंत्रं देणारी संस्था परदेशातली, जी म्हणे कितीतरी देशांत शाळेतल्या मुलांच्या जेवणाचं काम करते. एवढ्या जणांचे हात लागलेली खिचडी रोज वेळेवर कशी येते आणि कशी लागते चांगली, हे मला पहिल्यापासून कोडं होतं. आपल्याकडे दोन जावांना एका ओट्यावर स्वयंपाक करायला सांगा, बघा काय होतं ते.

शाळेत हे जेवण वाढायला एक मदतनीस आहे. सगळे तिला मावशी म्हणतात, मुख्याध्यापकसुद्धा. पन्नाशीची, काटकुळी, आवाज मात्र असा की मैदानाच्या टोकाला असलेलं पोर पाटावर येऊन बसतं. नवरा डाइंग मिलमध्ये होता, त्याची छाती गेली आणि तो घरी बसला. घर चालतं ते मावशीच्या या कामावर. पण ती नोकरीसारखं काम करत नाही. कोणाला वरण जास्त लागतं, कोण भाताखाली भाजी लपवतं, कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, हे तिला माझ्याआधी कळतं. तसल्या पोराच्या ताटलीत ती न विचारता दुसऱ्यांदा वाढते आणि वर त्यालाच दरडावते, "सांडू नको रे, खाय गुमान!"

जेवणं झाली की डबे परत टेम्पोत जातात. नियमाप्रमाणे ते खरकटे गेले तरी चालतात, तिकडे धुतात. पण मावशीला ते पटत नसे. ती प्रत्येक डबा नळाखाली विसळून, पालथा करून, पदराने पुसून घ्यायची. आणि मग कमरेच्या पिशवीतून ज्वारीचे चार दाणे काढून एका डब्यात टाकायची. रोज, एकाच डब्यात, चारच दाणे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "मावशी, हे काय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बिनवळणाची. "रिकामं भांडं कसं परत देऊ बाई? कोनं तरी घरनं शे ना ते." कोणाच्या तरी घरचं आहे ना ते.

आता ही रीत मलाही ठाऊक होती. शेजारणीची वाटी परत करताना आई त्यात चिमूटभर साखर घालायची. मी हसले. म्हटलं, घाल बाई. खरं सांगायचं तर मला ते फार गोड वाटलं. शिक्षकांच्या खोलीत मी ते दोन-तीनदा कौतुकाने सांगितलंही. हे कुठल्या नियमात बसतं का, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. इतकी वर्षं ते चाललं आणि काहीच झालं नाही.

झालं ते मागच्या वर्षी. त्या परदेशी संस्थेने स्वयंपाकघराला डबे धुण्याचं मोठं यंत्र दिलं. महिन्याभरात एका दुसऱ्या शाळेतल्या कुणा पालकाने फोटो काढला. पांढऱ्या भातात एक फुगलेलं, तपकिरी काहीतरी. भातात अळी निघाली म्हणून तो फोटो सुरतभर फिरला. माझ्याच मोबाइलवर तो पाच ठिकाणांहून आला. तपासात कळलं की अळी नाही, ज्वारीचा दाणा आहे, झाकणाच्या रबराच्या कडेत अडकून राहिलेला; डबे शाळेशाळेचे वेगळे, पण झाकणं यंत्रात एकत्र धुतली जात आणि कुठल्याही डब्यावर बसत. मग त्यांनी आठवडाभर परत येणारा प्रत्येक डबा उघडून पाहिला आणि माग थेट आमच्या शाळेपर्यंत आला.

पत्र आलं. डबे हाताळणाऱ्या व्यक्तीला घेऊन जबाबदार शिक्षकाने स्वयंपाकघरात चौकशीसाठी हजर राहावं. खाली एक ओळ होती: दोष सिद्ध झाल्यास मदतनिसाला कामावरून कमी करण्यात येईल. त्याआधी आमचं म्हणणं लेखी मागितलं होतं. मी ते लिहून पाठवलं. 'डबे मदतनीस हाताळते' एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण दाण्यांचं मला माहीत होतं, मीच 'घाल' म्हटलं होतं, हे मी लिहिलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीला डाग लागेल म्हणून भ्याले, दुसरं काही नाही.

मावशीला मी सगळं समजावून सांगितलं. काम जाऊ शकतं, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तठे जाताना काय लई जाऊ?" चौकशीला बोलावलेल्या जागी रिकाम्या हाताने कसं जायचं, ही तिची अडचण होती. ठेवणीतली साडी नेसून ती निघाली ती फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधूनच. फाटकावरच्या रखवालदाराने ते गाठोडं ठेवून घेतलं. बाहेरचं अन्न आत न्यायला मनाई होती. तिने त्यालाच सांगितलं, "मग तू खाय."

आत आम्हाला डोक्याला कागदी टोप्या दिल्या, चपला काढून रबरी बूट दिले. मावशीला ते बूट दोन बोटं मोठे होते. ती पाय ओढत माझ्यामागून आली. आणि मग दार उघडलं.

मी वर म्हटलं ना की शब्द फुटला नाही, ते इथे. माणसाच्या उंचीची स्टीलची पातेली, एकाशेजारी एक, पार भिंतीपर्यंत. त्यांच्या पोटात वाफ सोडलेली. एका पातेल्यात दोन माणसं वल्ह्याएवढ्या उलथन्याने वरण हलवत होती आणि हिंगाचा वास असा दरवळला होता की माझ्या आईच्या सगळ्या फोडण्या एकदम आठवाव्यात. पलीकडे पट्ट्यावरून पोळ्या चालत येत होत्या, पेटत्या आचेवरून जात, फुगत आणि पुढे टोपलीत पडत. कोणी ओरडत नव्हतं. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं.

भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. त्यावर टेम्पोंप्रमाणे शाळांची यादी. मी आमची शाळा शोधली. तिच्यापुढे एक आकडा लिहिला होता. तो मी त्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी फोनवर कळवलेला हजेरीचा आकडा होता. मी तो रोज एक सोपस्कार म्हणून कळवत होते. कुठल्या तरी कागदावर जात असेल, असं मला वाटायचं. इथे कोणी तो फळ्यावर लिहीत होतं आणि त्यावरून तांदूळ घेत होतं. माझ्या वर्गात त्या दिवशी तापाने न आलेल्या दोन पोरींचा भात इथे तेवढा कमी टाकला होता.

मावशी माझ्या दंडाला धरून उभी होती. तिने हळूच विचारलं, "हाई कोनं घर शे?"

"घर नाही मावशी. स्वयंपाकघर आहे."

"मग रांधस कोन?"

मी त्या सगळ्यांकडे हात केला. तिला इतकी वर्षं वाटत होतं की पलसाण्याला एक मोठं घर असेल, तिथे एक बाई असेल, फार तर चार सुना असतील. ती म्हणाली, "इतला लोक आमना पोरेस्ना करता?" तिने दोन्ही हात जोडले आणि पातेल्यांना नमस्कार केला. मी तिला हसले नाही. माझेही हात जोडले जायचे राहिले ते निव्वळ लाजेने.

चौकशी त्याच दालनाच्या कडेला, काचेच्या खोलीत होती. नेमके त्याच दिवशी त्या परदेशी संस्थेबरोबर पाहुणे आले होते, वेगवेगळ्या देशांतून, हे काम बघायला. ते अकराच्या आत जायचे होते, पण पोळ्यांच्या यंत्रापुढून हलेनात. त्यांतली एक उंच, काळीसावळी बाई आमच्या खोलीत येऊन मागे उभी राहिली. आफ्रिकेतल्या एका देशात ती शाळांच्या जेवणाचं काम बघत होती. तिच्याकडे म्हणे शाळेच्या अंगणात मुलांच्या आयाच चुली मांडून रांधतात. संस्थेची एक तरुण मुलगी तिला सगळं इंग्रजीत सांगत होती.

टेबलामागे स्वयंपाकघराचे व्यवस्थापक आणि महापालिकेचे एक साहेब होते. साहेबांनी गुजरातीत विचारलं, "मासी, आ दाणा तमे नाखो छो?" दाणे तुम्हीच टाकता का?

मावशी म्हणाली, "हां."

"केटला वखतथी?" कधीपासून?

"पहिल्यापासून."

व्यवस्थापकांनी कपाळावर हात मारला. माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला तो फोटो दाखवला. अन्नात बाहेरचा एक कण गेला तर उद्या शंभर आया मुलांना उपाशी ठेवतील पण आमचा घास खाऊ देणार नाहीत, असं तो म्हणाला. तो बरोबर बोलत होता आणि मला त्याचं बरोबर असणं सहन होत नव्हतं.

साहेब म्हणाले, "इतकी वर्षं? आणि शाळेत कोणी पाहिलं नाही?"

मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आपल्या त्या मोठ्या बुटांकडे बघत म्हणाली, "नही साहेब. कोन्ही नही पाह्यं."

तिने मला वाचवलं. काम तिचं जात होतं, घर तिचं बसणार होतं आणि ती मला वाचवत होती. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मी पाहिलं होतं. मला माहीत होतं. मीच घाल म्हटलं. पत्रात लिहिलं नाही, कारण मी घाबरले." मग ती रीत काय आहे, तेही सांगितलं. रिकामं भांडं परत देत नाहीत. साहेबांनी मान हलवली. गुजरात्यांच्या घरीही हे काही परकं नाही.

त्या मुलीने पाहुण्या बाईला सगळं समजावलं. पाहुण्या बाईने एकच प्रश्न विचारला. मुलीने तो हिंदीत सांगितला, "या पूछती आहेत, रोज चार दाने, इतने साल. तो फिर यंत्र येण्याआधी ते दाने जात कुठे थे?"

तिचं हिंदी-मराठी असं मिसळलेलं होतं, पण प्रश्न खोलीतल्या सगळ्यांना लख्ख कळला. हे व्यवस्थापकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं म्हणजे आमच्याही कोणाच्या आलं नव्हतं. मग ते उठले आणि पूर्वी हाताने डबे धुणाऱ्या बायकांना बोलावून आणलं. यंत्र आल्यापासून त्या भाजी निवडायला बसत होत्या. तिघी आल्या, मेथीची पानं चिकटलेल्या ओल्या हातांनी.

त्यांना विचारलं. तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, चोरी पकडली गेली. शेवटी त्यांतली वयस्कर होती ती म्हणाली, "काढी लेत व्हतूत आम्ही. पदरले बांधीसन घर लई जात व्हतूत." ती बाई पण खानदेशातलीच निघाली.

"आणि घरी नेऊन काय करत होता?" मी विचारलं.

"दयनमा टाकी देत व्हतूत." दळणात टाकत होतो. "कोन्ही प्रेमथीन धाडस, ते फेकी देवानं का?" कोणी प्रेमाने पाठवतं, ते फेकून द्यायचं का?

डब्यांवर शाळेचा क्रमांक असतो. तिघींना तो डबा पाठ झाला होता. पाळी लावली होती त्यांनी, आज तुझी, उद्या माझी. कोण पाठवतं ते माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की डिंडोलीच्या त्या शाळेत एक कोणी बाई आहे, जिला रीत कळते. डबा आला की काम करताना तेवढं बरं वाटायचं, असं ती म्हणाली.

मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा मला वर्णन करता येणार नाही आणि मी प्रयत्नही करणार नाही. इतकी वर्षं तिने दाणे टाकले ते कोणाला पोचतात हे न बघता. आणि ते पोचत होते. दळले जात होते, त्यांची भाकरी होत होती आणि तीन घरांतली माणसं ती खात होती. सरकार, संस्था, कारखाना, परदेश, सगळ्यांचे करार आणि कागद एका बाजूला आणि त्यांच्या पोटात हा एक व्यवहार, ज्याचा कोणालाच पत्ता नव्हता. पाहुणी बाई पुढे आली, तिने मावशीचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्याचं भाषांतर त्या मुलीलाही येत नव्हतं. कोणी मागितलंही नाही.

पण नियम तो नियम. यंत्राला दाणा दिसत नाही, व्यवस्थापक म्हणाले. पदर नसतो त्याला. साहेबांनी निर्णय सांगितला. मदतनिसाला कामावर ठेवायचं, मला ताकीद द्यायची आणि मावशीने लिहून द्यायचं की यापुढे डबे पूर्ण रिकामे परत जातील.

कागद गुजरातीत होता. मी तिला तो मराठीत सांगितला. ती माझ्या वर्गात मागे बसून सही करायला शिकलेली. तिने पेन घेतलं, 'रिकामे' हा शब्द कुठे आहे ते मला दाखवायला लावलं, त्यावर बोट ठेवलं. मग खाली सही केली. शेवटच्या अक्षराची वेलांटी चुकली, तिने ती पुन्हा काढली. काम वाचलं होतं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "सुटलो बाई एकदाचे." रिक्षात डिंडोलीपर्यंत ती कमरेची पिशवी मुठीत धरून, डोळे मिटून बसली. मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मावशीने डबे विसळले, पालथे केले, पुसले. टेम्पोवाला दार उघडून उभा होता. एक एक डबा तिने वर दिला. तो एक डबा राहिला. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. परत उचलला, परत ठेवला. टेम्पोवाला म्हणाला, "मासी, जल्दी."

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही द्या. मना हातवरी व्हत नही."

मी डबा उचलून वर दिला. झाकण लागलं, दार बंद झालं. टेम्पो सुरू झाला तशी मावशी एकदम पुढे धावली आणि खिडकीच्या काचेवर थापा मारायला लागली. टेम्पोवाल्याने घाबरून काच खाली केली.

"तठे सांगजो," ती मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळी पोरे पोट भरीसन जेवनात."

"किसको बोलूँ, मासी?"

"तठे जो कोन्ही व्हई, त्याले."

आता हे रोज चालतं. डबा मी देते, निरोप ती देते. टेम्पोवाला परप्रांतातला, त्याला अहिराणी येत नव्हती. आता एवढं एक वाक्य त्याला तोंडपाठ आहे.